पाठ लागली की कुस्ती संपते, एमएमए तिथून सुरू होते

खान्देशातल्या एखाद्या जुन्या पैलवानाला मोबाईलवर एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि धरपकड सगळं चालणारा खेळ) लढत दाखवा. पहिल्या मिनिटात तो म्हणेल, "हाई त आपलीच कुस्ती शे." आणि दुसऱ्या मिनिटात, "पडेल माणूसले मारतस? मंग हाई कुस्ती नही." दोन्ही वाक्यांत तथ्य आहे.

(डब्ल्यूडब्ल्यूईशी याची गल्लत नको. तिथला निकाल आधीच ठरलेला असतो.)

सारखेपणा उघड आहे. पट काढणं, कंबर धरून उचलणं, मागून विळखा घालणं ही सगळी तालमीतलीच विद्या. रशियाचा खबीब नुर्मागोमेदोव्ह २९ लढती एकही न हरता निवृत्त झाला, तो मुख्यतः समोरच्याला धरून खाली पाडण्याच्या बळावर. माणूस खाली गेल्यावर मात्र दोन्ही खेळांचा हिशेब उलटा होतो.

मातीत दोन्ही खांदे टेकले की कुस्ती निकाली. त्यामुळे पाठ लागू द्यायची नाही, हे पैलवानाच्या अंगात लहानपणापासून मुरतं. डाव बसतोय असं वाटलं की तो पडता पडता वळतो आणि पोटावर येतो. मग वरचा घिस्सा मारो की मोळी बांधो, कुठलाही डाव टाको, हा माती धरून राहतो. कुस्तीत हा उत्तम बचाव, पण एमएमएत तोच घात करतो. मागचा माणूस दोन्ही पाय कमरेत अडकवतो, गळ्याखालून हात घालतो आणि आवळतो. वेळेत हात आपटून हार कबूल केली नाही, तर शुद्ध हरपते.

उलट पाठीवर पडलेला तिथूनही लढू शकतो. १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही एमएमएची स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती रॉइस ग्रेसीनं ब्राझिलियन जिउजित्सूवर जिंकली. खालून पायांनी माणूस बांधून ठेवणं हा त्या विद्येचा गाभा. आपल्याकडच्यांना हे महागात पडून कळलं. २०१९ मध्ये रितू फोगाट कुस्तीतून एमएमएत गेली. डिसेंबर २०२१ मध्ये एका एमएमए स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिनं थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सला खाली घेतलं. तालमीच्या हिशेबात काम झालं होतं, पण स्टॅम्पनं खालूनच तिचा हात पायांत पकडून कोपरातून ताणला आणि रितू हरली. २०१७ मध्ये यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भारत खंडारे, तोही कुस्तीतलाच. शांघायला सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत त्याची मान काखेत धरून गळा आवळला. कुस्तीत गळा आवळणं फाऊल असल्यानं, मान समोरच्याच्या हाती जाण्याची भीती पैलवानाला शिकवलेलीच नसते.

'एमएमएत नियमच नसतात' हा आरोप जुना झाला. २००० नंतर सर्वमान्य नियमावली आली. डोळ्यात बोट, चावा, डोक्याची धडक, अवघड जागी फटका, मणक्यावर किंवा मानेमागे मार, हे सगळं बंद आहे. खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारता येत नाही, ठोसे मात्र चालतात. पडलेल्याला मारण्यावरची वस्तादांची हरकत इथे अडते, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. नियमात बसतं, तरी बघवत नाही.

कराटेवाल्यांचं म्हणणं निराळं: आमचे खरे घातक वार पिंजऱ्यात वापरूच देत नाहीत. मला ही पळवाट वाटते. जो वार विरोध करणाऱ्या माणसावर कधी बसवून पाहिला नाही, त्याचा भरवसा काय? शोतोकान कराटे शिकलेला ल्योटो माचिदा २००९ मध्ये यूएफसीचा विजेता झाला, तो अंतर आणि वेळ साधून.

वस्तादांची खरी अडचण मात्र पोटापाण्याची आहे. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढे पोलीस उपअधीक्षक. ही वाट जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक पैलवानाच्या बापाला माहीत आहे. एमएमए ऑलिम्पिकमध्ये नाही. २०२६ च्या आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात तिला जागा मिळाली. त्या पदकावर सरकारी नोकरीत भरती होते हे डोळ्यांनी दिसेपर्यंत कुठलाही बाप पोराचा खुराक पिंजऱ्यासाठी चालू ठेवणार नाही.