खळखळती उकळी आणि मंद आच

मुंबईतल्या घरांत आमटी असो, मासळीचे कालवण असो वा रस्साभाजी, कृती सांगणारी व्यक्ती बहुधा एकच वाक्य वापरते : उकळी आली की गॅस बारीक करा आणि शिजू द्या. त्यातला पहिला भाग सगळेच पाळतात. दुसरा भाग मात्र केवळ गॅस वाचवण्यासाठी आहे असे समजून घाईच्या वेळी सोडून दिला जातो, कारण मोठ्या आचेवर उसळणारे पाणी जास्त गरम असते आणि त्यात पदार्थ लवकर शिजतो, असा समज घट्ट रुजलेला आहे. हा समज चुकीचा आहे आणि रोजच्या स्वयंपाकातले पुष्कळ बिघाड त्याच्यामुळेच होतात.

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि मुंबईत हा आकडा जवळपास तंतोतंत लागू पडतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला तेच पाणी ९५-९६ अंशांना उकळते, म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. एकदा उकळी फुटली की आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातले पाणी या मर्यादेच्या वर तापत नाही. वाढवलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. हा खर्च लहान नाही. साधे एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. मंद आचेवर, जिथे कडेने मधूनच एखादा बुडबुडा वर येतो, तिथे तापमान साधारण ८५ ते ९५ अंश असते. म्हणजे दोन्ही अवस्थांतला तापमानाचा फरक थोडा आहे. खरा फरक आहे तो पाण्याच्या हालचालीत आणि आटण्याच्या वेगात.

पातेल्याकडे लक्ष देऊन पाहिले तर या पायऱ्या स्पष्ट दिसतात. आधी तळाशी बारीक बुडबुडे चिकटून बसतात; ती पाण्यात विरघळलेली हवा असते, उकळी नव्हे. मग पातेले सूं असा आवाज करू लागते, कारण तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरताच मिटून जातात. हा आवाज मंदावतो आणि मोठे बुडबुडे थेट वर येऊन फुटू लागतात, तेव्हा आधण आले असे समजावे.

जोरदार उकळी मुद्दाम हवी असते ती हालचालीसाठी किंवा आटवण्यासाठी. शेवया, नूडल्स किंवा भरपूर पाण्यातला मोकळा भात टाकताना पाणी खळखळत असले की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. पातळ झालेला रस्सा दाट करायचा असेल तर मोठी आच आणि पसरट पातेले हाच मार्ग आहे. बटाटे उकडताना मात्र हीच आच घात करते : उष्णता बटाट्याच्या गाभ्यापर्यंत आपल्याच गतीने पोचते, बाहेरच्या खळबळीने ती गती फारशी वाढत नाही, आणि गाभा कच्चा असतानाच साल फुटून बाहेरचा थर पाण्यात विरघळू लागतो.

मासळीच्या बाबतीत हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. माशाच्या मांसाचे पदर ज्या नाजूक पडद्यांनी जोडलेले असतात, ते पडदे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधीच विरघळू लागतात. त्यानंतर तुकडा अखंड राहतो तो केवळ त्याला कोणी हलवले नाही म्हणून. भाऊच्या धक्क्यावरून आणलेली ताजी सुरमई असली तरी खळखळत्या कालवणात तिचे पदर सुटतात, आणि बोंबील तर पाहता पाहता विरून जातात. म्हणून वाटण, कोकम आणि पाणी यांना आधी चांगला कढ येऊ द्यावा, मसाल्याचा कच्चेपणा तिथेच घालवावा, मग आच अगदी मंद करून तुकडे अलगद सोडावेत. डाव घालून ढवळू नये. पातेले दोन्ही बाजूंनी धरून हलकेच गोल फिरवले की रस्सा तुकड्यांवरून फिरतो. पातळ तुकड्यांना पाच-सात मिनिटे पुरतात.

१०० अंशांची मर्यादा पातळ पदार्थांपुरतीच खरी आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. पिठले, पुरण, आटत आलेली बासुंदी यांच्यात पाणी मोकळेपणाने फिरत नाही. तळाचा थर जागीच राहतो, त्यातले पाणी निघून जाते आणि तो १०० अंशांच्या पुष्कळ वर तापून करपतो, तर वरचा भाग अजून कोमटच असतो. पिठले फटफट उडते ते याच कारणाने : तळाशी कोंडलेली वाफ एकदम वाट काढते. अशा पदार्थांना मंद आच आणि तळापासून ढवळणे या दोन्ही गोष्टी लागतात.

काही पदार्थांना तर मंद उकळीही सोसत नाही. ताकाची कढी उकळली की फुटते. बेसन लावल्याने तिला आधार मिळतो, तरीही ती सतत ढवळत राहून कढ येण्याआधी उतरवणेच उत्तम. नारळाच्या दुधाचेही तसेच आहे. दाट दूध शेवटी घालावे आणि नुसते गरम होऊ द्यावे, कारण उकळीत त्यातले तेल वेगळे होऊन वर तरंगते.

कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो, म्हणून तूरडाळ तिथे चटकन मऊ होते. पण तिथेही पूर्ण दाब आल्यानंतर मोठ्या आचेने तापमान आणखी वाढत नाही, केवळ वाफ शिट्टीवाटे बाहेर पडते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा आणि पुढे शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजावीत. दाब टिकून राहील एवढी आच पुरेशी असते, आणि डाळीतले पाणीही शिट्टीतून ओट्यावर येत नाही.