थुंकीच्या चेंडूवरील बंदी आणि पिचरची कला : पार्श्वभूमी

अमेरिकी बेसबॉलमध्ये चेंडूला चोरून लावल्या जाणाऱ्या चिकट पदार्थांच्या शोधात २०२१च्या जूनपासून पिचरचे, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे, हातमोजे, टोपी आणि पट्टा तपासण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा हा वाद अगदी नवा असल्यासारखी चर्चा झाली. प्रत्यक्षात त्याची मुळे १९२० साली घेतलेल्या एका अर्धवट निर्णयात आहेत.

त्याआधीच्या काळात पिचरला खांद्यावरून चेंडू टाकण्याची मुभा १८८४मध्ये मिळाली आणि पिचर जिथून चेंडू टाकतो तिथपासून बॅटरपर्यंतचे अंतर १८९३मध्ये ६० फूट ६ इंच ठरले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी थुंकीच्या चेंडूने जोर धरला. चेंडूला एका जागी लाळ लावली की तो बोटांतून सुळकन निसटतो, त्याला नेहमीची फिरकी मिळत नाही आणि बॅटरजवळ येताच तो एकदम खाली बसतो. लाळ बुळबुळीत व्हावी म्हणून अनेक पिचर स्लिपरी एल्म या झाडाची साल चघळत असत.

फेब्रुवारी १९२०मध्ये या चेंडूवर बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर डोक्याला चेंडू लागून एका फलंदाजाचा मृत्यू झाला आणि बंदी त्यामुळेच आली असे आजही सर्रास लिहिले जाते. परंतु बंदी त्या दुर्घटनेच्या सहा महिने आधीची आहे. त्या मोसमापुरती प्रत्येक संघाला दोन पिचरची नावे देण्याची सवलत होती आणि पुढे १७ पिचरना कारकीर्द संपेपर्यंत हा चेंडू टाकण्याची परवानगी देण्यात आली. कारण उघड होते : ज्यांची उपजीविकाच या एका चेंडूवर होती, त्यांना एका फटक्यात घरी बसवणे अन्यायाचे ठरले असते. मात्र हा न्याय वरच्या लीगमध्ये त्या क्षणी असलेल्यांनाच मिळाला. नेमका त्याच सुमारास खालच्या लीगमध्ये पाठवला गेलेला एक तरुण पिचर यादीतून सुटला आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील लीगमध्ये जवळपास ३०० सामने जिंकूनही त्याला वर परतता आले नाही. एकच चेंडू एकाच्या हातात कला आणि दुसऱ्याच्या हातात गुन्हा ठरावा, हे या निर्णयाचे सर्वांत मोठे वैगुण्य म्हटले पाहिजे.

सवलतीतील पिचरनी मात्र या चेंडूला हुलकावणीचे रूप दिले. त्यांच्यातला एक जण प्रत्येक चेंडूआधी बोटे तोंडाकडे नेई, पण दोन-दोन डाव थुंकीचा एकही चेंडू टाकत नसे, कारण बॅटरने त्याची वाट पाहत राहणे हेच त्याला हवे होते. दुसऱ्याबद्दल असे सांगतात की, थुंकीचा चेंडू टाकण्यापूर्वी त्याच्या टोपीचे टोक हलते, हे प्रतिस्पर्ध्यांनी हेरले आणि ते समजताच त्याने मोठ्या मापाची टोपी घेतली. या १७ जणांतील शेवटचा पिचर १९३४मध्ये निवृत्त झाला.

बंदीनंतर हीच कला चोरून सुरू राहिली. नॉर्थ कॅरोलिनातील शेतकरी कुटुंबातून आलेला एक पिचर टोपी, बाही, मान, पट्टा असे सगळीकडे हात फिरवून बॅटरला भंडावून सोडत असे. तो चेंडूला काही लावून टाकतो का, असे एका वार्ताहराने त्याच्या लहान मुलीला विचारले, तेव्हा तिने तत्परतेने ‘हार्ड स्लायडर’ (नियमात बसणारा, वेगाने वळणारा चेंडू) असे उत्तर दिले. कारकीर्द चालू असतानाच त्याने आत्मचरित्रात आपल्या युक्त्या सांगितल्या, आणि तरीही याच आरोपावरून मैदानाबाहेर जाण्याची वेळ त्याच्यावर १९८२पर्यंत आली नाही. १९८७मध्ये दुसऱ्या एका पिचरने अंपायरसमोर खिसे उलटे केले, तेव्हा नखे घासण्याची, पण चेंडूही खरवडता येईल अशी पट्टी उडून मैदानावर पडली. आपण नकलबॉल (बोटांच्या टोकांनी धरून जवळपास फिरकीविना टाकायचा चेंडू) टाकतो, त्यासाठी नखे नीट ठेवावी लागतात, हा त्याचा खुलासा मान्य झाला नाही आणि त्याला १० दिवसांचे निलंबन भोगावे लागले.

२०२१चा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या याच्या उलट आहे. लाळेने फिरकी कमी होते, तर चिकट पदार्थांनी पकड घट्ट होऊन ती वाढते, आणि आता ती यंत्राने मोजताही येते. त्यामुळे हुलकावणीला जागा कमी उरली आहे. तरी तपासणी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियात प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाच्या मागणीवरून तिसऱ्यांदा झडती होत असलेल्या एका नामवंत पिचरने भर मैदानात स्वतःच पट्टा सोडून दाखवला. त्याच्याकडे काहीही सापडले नाही आणि पुढे मैदानाबाहेर जावे लागले ते तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकाला.