तोंडाला फेस आलाय: भेक धरला की फवारणी बाधली?

नाशिकजवळ मखमलाबादला आमचं घर आहे तिथे वस्ती संपते आणि द्राक्षबागा सुरू होतात. त्यामुळे आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या, वाट्याला दोन्ही धोके येतात. अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला बेडकासारखे दिसणारे भेक (टोड) येतात आणि कुंपणापलीकडे ब्लोअरने फवारणी चालते. गेल्या जुलैत, रात्री साडेनऊच्या सुमारास तो ओट्यावर आला तोच तोंडातून लाळेच्या तारा लोंबवत. पंजाने तोंड खरवडत होता, डोकं झटकत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "औषध लागलंय त्याला, ताक पाजा." आईला वाटलं, साप चावला. या वादात पाच मिनिटं गेली, आणि ती पाच मिनिटं मला अजून टोचतात. तुळशीकट्ट्याच्या आडोशाला अंग फुगवून बसलेला भेक दिसला तेव्हा उलगडा झाला. तोंड नीट धुतल्यावर तासाभरात शेरू सावरला.

त्याच्या दोन वर्षं आधी दिंडोरीकडे मामांच्या मळ्यात याच्या अगदी उलट घडलं होतं. त्यांच्या काळी नावाच्या कुत्रीला असाच फेस आला. पावसाळ्याचे दिवस, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की बेडूक चाटला असणार. अर्धा तास तिचं तोंड धुत बसले. ती फवारणीच्या टाकीजवळ साचलेलं पाणी प्यायली होती, हे गड्याने सांगेपर्यंत तिला उभंही राहता येत नव्हतं. काळी गेली.

लाळ दोन्हीकडे सारखीच गळते, उपाय मात्र एक नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी भेक म्हणजे कोण ते पाहू. आपण सरसकट सगळ्यांना बेडूक म्हणतो, पण पहिल्या पावसात डबक्यात डराव डराव करणारा, ओला, गुळगुळीत, पिवळाधमक दिसणारा मोठा बेडूक वेगळा आणि भेक वेगळा. भेकाचं अंग कोरडं, खरबरीत, फोडाफोडांचं असतं. त्या फोडांची टोकं काळसर असतात, डोळ्यांभोवती काळ्या कडेचे उंचवटे असतात. मागचे पाय आखूड, त्यामुळे तो लांब झेप घेत नाही, छोट्या उड्या मारत फिरतो. त्याच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना फुगीर, लांबट गाठी असतात. विष मुख्यतः तिथे असतं. कुत्र्याच्या दातांनी त्या दाबल्या की पांढरा, दुधासारखा चिकट द्रव बाहेर येतो आणि हिरड्यांना, जिभेला चिकटून बसतो. भेक स्वतःहून कुणाला चावत नाही की अंगावर विष उडवत नाही. तो फक्त दाबला गेल्यावर स्वतःला वाचवतो.

त्या द्रवात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात. कण्हेरीच्या पानांत जे विष असतं, त्याच जातकुळीची ही. हृदयरोग्यांना देतात त्या डिगॉक्सिनचं कामही याच धर्तीचं. म्हणून भेकाच्या विषाची खरी भीती लाळेची नसून हृदयाचे ठोके बिघडण्याची आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या. 'भेक चाटल्याने कुत्रा थोड्याच वेळात मेला' असं इंटरनेटवर वाचायला मिळतं, ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलिया आणि फ्लोरिडातल्या केन टोडबद्दल असतं. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ साली हा भेक ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नेऊन सोडला आणि तो तिथे बेसुमार वाढला. तो आपल्याकडच्या भेकापेक्षा कितीतरी मोठा, विषाचा साठाही जास्त. आपल्या अंगणातल्या भेकाने मोठ्या कुत्र्याचं बऱ्याचदा लाळ आणि उलटीवर निभावतं. पण पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा, चार महिन्यांचं पिल्लू, हृदय आधीच कमजोर असलेला म्हातारा कुत्रा किंवा भेक चावून गिळलेला कुत्रा असेल, तर 'आपल्याकडचा भेक सौम्य' म्हणून थांबू नका.

आता दुसरी बाजू. बागांमध्ये आणि भाजीपाल्यावर जी कीटकनाशकं मारतात, त्यांतला एक मोठा गट ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट प्रकारातला आहे. क्लोरपायरीफॉस, मिथोमिल ही त्यातली ओळखीची नावं. गावाकडे ज्याला थिमेट म्हणतात ते फोरेटही याच घराण्यातलं. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट यांच्यावर देशात २०२० अखेरपासून आणि मिथोमिलवर २०२३ पासून बंदी आहे, पण जुना डबा एखाद्या पडवीत अजून निघू शकतो. ही विषं नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा निरोप थांबूच देत नाहीत. एरवी शरीर तो निरोप क्षणात पुसून टाकतं. इथे पुसणारंच निकामी होतं. मग लाळ वाहते, डोळ्यांतून पाणी येतं, लघवी आणि पातळ शी आवरत नाही, छातीत पाणी झाल्यासारखा घरघर आवाज येतो, आणि अंगाचे स्नायू कातडीखाली वळवळल्यासारखे थरथरू लागतात.

म्हणजे फरक कुठे बघायचा? लाळेकडे बघू नका, ती दोन्हींत आहे. झटके दोन्हींत येऊ शकतात. नाडीवरही फार विसंबू नका, कारण ठोके दोन्हींत मंद होऊ शकतात आणि वेगवानही. तीन गोष्टी बघा: हिरड्या, डोळ्यांच्या बाहुल्या आणि शेपटीखालची बाजू.

भेक धरलेल्या कुत्र्याच्या हिरड्या बऱ्याचदा विटेसारख्या लालभडक होतात, कारण तिथेच विष झोंबलेलं असतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसू शकतात. तो तोंडाला पंजा मारतो, ओकाऱ्या काढतो, गोंधळल्यासारखा फिरतो. हे सगळं बाहेरून आल्या-आल्या, काही मिनिटांत सुरू होतं. फवारणी बाधलेल्याच्या बाहुल्या बहुतेक वेळा टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, डोळे पाण्याने भरलेले असतात, मागची बाजू घाण झालेली असते, अंगाला किंवा तोंडाला औषधाचा उग्र वास येतो. याची सुरुवात काही मिनिटांतही होते आणि काही तासांनीही. सकाळी बागेतून आलेला कुत्रा दुपारी लाळ गाळू लागला तर भेकाला दोष देऊ नका. बाहुल्या बघताना मोबाइलचा टॉर्च थेट डोळ्यांत मारू नका, उजेडाने बाहुली तशीही आकसते. खोलीतल्या साध्या उजेडात बघा, आणि जमल्यास घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांशी ताडून बघा. ही लक्षणं दर वेळी पुस्तकासारखी जुळत नाहीत. तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासात आणि त्याआधीच्या काही तासांत तो कुठे होता, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा.

ऋतूही थोडी मदत करतो. जूनच्या पहिल्या सरीपासून भेक बाहेर पडतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळनंतरच भेटतात. द्राक्षाच्या फवारण्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जोर धरतात. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतरही बागेत औषधं चालूच असतात, आणि पावसाळ्यात टोमॅटो-मिरचीवर फवारे असतातच. म्हणून केवळ महिना पाहून ठरवू नये.

भेक धरला असेल तर पहिलं काम तोंडाचं, आणि तेही लगेच, दवाखान्यात निघण्याआधी. हातमोजे घाला. ओलं फडकं बोटाभोवती गुंडाळून हिरड्या, जीभ, टाळू पुसा आणि फडकं पुन्हा पुन्हा खळबळून घ्या. विष चिकट असतं, नुसत्या पाण्याच्या धारेने ते सुटत नाही, पुसावं लागतं. मग कुत्र्याचं नाक जमिनीकडे झुकवून, पाइपची हळू धार तोंडाच्या एका बाजूने आत आणि पुढे बाहेर अशी सोडा. पाच ते दहा मिनिटं. धार घशाच्या दिशेने कधीही नको. पाणी श्वासनलिकेत गेलं तर विषापेक्षा ते महाग पडेल. शेरूच्या वेळी माझी पहिली धार सरळ घशात गेली होती आणि तो खोकून गुदमरला. डोळ्यांत गेलं असेल तर डोळेही साध्या पाण्याने धुवा. कुत्रा बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात पाणी घालायचंच नाही. त्याला कुशीवर निजवा, डोकं थोडं खाली राहू द्या आणि गाडी काढा.

फवारणीचा संशय असेल तर तोंड धुण्यात वेळ घालवू नका. विष पोटात गेलेलं असतं किंवा कातडीतून मुरत असतं. डॉक्टरांना फोन लावा, गाडी तयार करा. अंगावर औषध सांडलेलं दिसत असेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल, तर त्या मधल्या वेळात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने केस धुवा. हातमोज्यांशिवाय नाही, कारण हे विष माणसाच्या कातडीतूनही आत जातं. गळपट्टा काढून टाका, तोही भिजलेला असतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवा. बाटली किंवा पुडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, किमान लेबलचा फोटो काढा. लेबलवरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर ते औषध सर्वांत विषारी गटातलं. त्याखाली पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. त्याच लेबलवर उतारा कोणता तेही लिहिलेलं असतं.

डॉक्टरांना बरोबर माहिती देणं का गरजेचं, ते अॅट्रोपिनवरून कळतं. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत अॅट्रोपिन हेच मुख्य औषध. लाळ आणि छातीतला ओलावा आटोक्यात येईपर्यंत ते परत परत द्यावं लागतं, जोडीला प्रॅलिडॉक्झाइम. भेकाच्या विषात मात्र केवळ लाळ थांबवायला अॅट्रोपिन देत नाहीत, कारण ती लाळच तोंडातलं विष बाहेर काढत असते. ठोके फारच मंद झाले तर डॉक्टर त्याचा विचार करतात. तिथे मुख्य काम असतं ईसीजीवर लक्ष ठेवणं, झटके थांबवणं, सलाइन, ऑक्सिजन. म्हणजे तुम्ही "बेडूक चाटला असावा" असं अंदाजाने सांगितलंत आणि ते फवारणीचं निघालं, तर औषधाची दिशाच चुकू शकते. माहीत नसेल तर "माहीत नाही, पण बागेतून आला होता" एवढंच सांगा. तेवढंही फार उपयोगाचं असतं.

ताक, दूध, तूप, लिंबू, हळदीचं पाणी यातलं काहीही पाजू नका, दोन्ही बाबतींत. झटका येऊ घातलेल्या कुत्र्याला काही पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं सर्वांत वाईट, त्याने मिठाचीच विषबाधा होते. शिवाय बरीच कीटकनाशकं तेलकट द्रावणात असतात, ती उलटीच्या वाटेत श्वासनलिकेत गेली तर फुफ्फुसं जळतात. काकूंनी ताक सुचवलं ते मायेपोटी, हे मी जाणतो. पण मायेने सुचवलं म्हणून ताक औषध होत नाही.

मांजर लाळ गाळू लागलं, अंग थरथरू लागलं, तर मी भेकाचा विचार सगळ्यांत शेवटी करीन. मांजरं भेकाला सहसा तोंड लावत नाहीत. आधी आठवा, कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडांचं औषध कुणी मांजराला लावलं का? त्यातलं परमेथ्रिन मांजराला सोसत नाही. तेही धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

आणि एक गोष्ट जी या दोन्हींच्या आधी तपासली पाहिजे. लाळ गाळणारा कुत्रा तुमचा नसेल, किंवा त्याचं रेबीजचं लसीकरण झालंय की नाही हे माहीत नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका, मग पुरावा म्हणून समोर भेक बसलेला का असेना. लाळ, गिळता न येणं, वागण्यातला अचानक बदल ही रेबीजचीही लक्षणं आहेत. दात लागला, ओरखडा आला किंवा जखमेवर लाळ पडली, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा.

सावधगिरी म्हणून आमच्याकडे आता पावसाळ्यात शेरूचं पाण्याचं भांडं संध्याकाळीच आत येतं, कारण भेक त्यात बसलेला मला दोनदा दिसला. रात्रीचा शेवटचा फेरा पट्टा लावून आणि हातात बॅटरी घेऊन. अंगणातला दिवा गरज नसेल तेव्हा बंद ठेवतो; किडे कमी आले की भेकही कमी येतात. शेजारच्या बागेचे मालक फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देतात, तो मी मागून घेतलाय. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही शेरू कुंपणापाशी जात नाही. मामांनी टाकीजवळचा खड्डा बुजवला आणि औषधं कुलपात ठेवायला सुरुवात केली. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो ते मी दिवसा फोन करून विचारून ठेवलं, आणि तो नंबर फ्रीजवर चिकटवलाय, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

तुळशीकट्ट्याखालचा भेक मात्र तिथेच राहतो. त्याला मारा म्हणणारे भेटले, मी नाही म्हटलं. अंगणातले किडे तोच खातो, आणि त्या रात्री शेरूने त्याला धरलं होतं, त्याने शेरूला नव्हे.