भूऔष्णिक ऊर्जा : सरकारी जमिनींविषयीचे अमेरिकी कायदे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीखालील नैसर्गिक वाफ, उष्णोदक व तप्त खडकांतील उष्णता भाडेपट्ट्याने देण्यासाठी आणि तेथील प्रकल्पांना लवकर परवानगी मिळावी यासाठी केलेले कायदे. ज्या नेव्हाडात भूऔष्णिक क्षेत्रे विपुल आहेत, तेथील सुमारे ८० टक्के जमीन केंद्राची असल्याने या कायद्यांवाचून तेथे मोठा प्रकल्प उभा राहणे अवघड आहे. भाडेपट्ट्यांचा कारभार ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही केंद्राच्या जमिनी सांभाळणारी सरकारी यंत्रणा पाहते.

कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ क्षेत्रात १९६० मध्ये ११ मेगावॉटचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा अशी वाफ पट्ट्याने देणारा केंद्रीय कायदा नव्हता. १९६६ चे विधेयक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नामंजूर केले. जमिनींवर आधीपासून हक्क सांगून बसलेल्यांना त्यात मिळणारे झुकते माप हा त्यांचा एक आक्षेप होता. पुढे २४ डिसेंबर १९७० रोजी ‘जिओथर्मल स्टीम अ‍ॅक्ट’ अमलात आला. ज्ञात क्षेत्रांत लिलाव आणि अन्यत्र प्रथम अर्जदारास पट्टा, अशी त्याची मूळ योजना होती.

वाफ म्हणजे कायद्याच्या भाषेत काय, हा प्रश्न मात्र १९७० च्या कायद्याने सोडवला नाही. तिला पाणी मानल्यास हक्क राज्याच्या जलकायद्याकडे जातो आणि खनिज मानल्यास खनिजहक्क राखून ठेवणाऱ्याकडे. आयडाहो राज्याने ती पाणीही नाही व खनिजही नाही, स्वतंत्र वर्गातील संपदा आहे, असे ठरवले. करविषयक एका खटल्यात (१९७२) गीझर्सची वाफ ‘वायू’ ठरली. खरा पेच १९१६ च्या पशुपालन वसाहत कायद्यामुळे पडला. त्यान्वये पशुपालकांना ६४० एकरांपर्यंत जमीन देताना सरकारने ‘कोळसा व इतर खनिजे’ आपल्याकडे ठेवली होती, पण त्या काळी वाफेचा विचार कोणी केला असण्याचा संभव कमीच. १९७० च्या कायद्यातच या मुद्द्यावर सरकारने दावा लावावा, असे कलम होते. त्या दाव्यात जिल्हा न्यायालयाने जमीनमालकांचा पक्ष घेतला. नवव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायव्यवस्थेतील एका प्रादेशिक विभागाच्या) अपील न्यायालयाने १९७७ मध्ये तो निर्णय फिरवला : पृष्ठभाग चराईसाठी आणि भूगर्भातील इंधने राष्ट्रासाठी, हा १९१६ चा हेतू असल्याने वाफही ‘इतर खनिजां’त येते. शब्दकोशातील अर्थापेक्षा हेतूवर भर देणारा हा विचार अधिक ग्राह्य वाटतो. दहाव्या सर्किटनेही २००२ मध्ये अशाच प्रश्नावर सरकारच्या बाजूने निर्णय दिला.

२००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने बहुतेक सर्व जमिनींसाठी आधी लिलाव, तोही किमान दोन वर्षांतून एकदा, असा नियम घातला. स्वामित्वधनाचा (सरकारला द्यावयाच्या रॉयल्टीचा) पायाही बदलला : पूर्वी ते वाफेच्या मूल्याच्या १० ते १५ टक्के असे, नव्या नियमांत वीजविक्रीच्या एकूण उत्पन्नावर पहिली दहा वर्षे १.७५ व नंतर ३.५ टक्के आहे. पाया वेगळा असल्याने हे दर शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते.

विलंब प्रामुख्याने पर्यावरण परीक्षणात होतो. पट्टा, अन्वेषण, चाचणी विहीर, उत्पादन विहिरी, वीजकेंद्र आणि पारेषण वाहिनी अशा टप्प्यांवर एकाच जागेचे परीक्षण सहा वेळांपर्यंत होऊ शकते. २००५ च्या कायद्याने तेल व वायूच्या काही विहिरींना सविस्तर परीक्षणातून वगळले, पण जवळजवळ त्याच यंत्राने खोदल्या जाणाऱ्या भूऔष्णिक विहिरींना ती सवलत दिली नाही. २०२४ पासून ब्यूरोने अन्वेषणापुरत्या काही सवलती स्वीकारल्या. अशा घाईला विरोधही आहे. नेव्हाडाच्या डिक्सी मेडोज येथे प्रकल्पालगतच्या झऱ्यांवर जगणाऱ्या डिक्सी व्हॅली भेकाला (बेडकाच्या एका जातीला) २०२२ मध्ये तातडीने संकटग्रस्त घोषित करण्यात आले, आणि ते झरे पवित्र मानणारी फॅलन पायूट-शोशोनी जमात न्यायालयात गेली.

जेथे पृष्ठभाग केंद्राचा नाही आणि भूगर्भातील हक्कांत केंद्राचा वाटा निम्म्याहून कमी आहे, तेथे विहिरीसाठी केंद्रीय परवाना नको, असे ‘हीट्स’ विधेयक प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केले. त्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मुदतीत ते कायदा होऊ शकले नाही.