वॅट नव्हे, व्होल्ट बघा

परभणीत डीजेच्या भिंती ऐकत वाढलेल्या आम्हाला आवाज म्हटलं की आधी वॅट आठवतात. म्हणून ‘इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला तगड्या वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे’ हे ऐकलं की लगेच पटतं. पण ते खरं नाही.

या हेडफोनात साध्या हेडफोनसारखी तारेची कॉइल नसतेच. दोन जाळीदार पत्र्यांमध्ये केसाहून पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्यावर स्थिर बायस, म्हणजे कायम दिलेलं ठराविक व्होल्टेज, आणि जाळ्यांवर गाण्याचं व्होल्टेज. विजेच्या हिशेबात हा निव्वळ कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग! स्टॅक्स या जपानी कंपनीचा एसआर-००९ हेडफोन घ्या: कपॅसिटरची क्षमता ११० पिकोफॅरड, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आवाजाला करंटला होणारा अडथळा सुमारे १४५ किलोओहम. १०० व्होल्टला तो १०१ डेसिबल देतो, कान किटवायला पुरेसा. करंट मात्र एक मिलिअँपियरसुद्धा नाही. मग वॅट जिरणार कुठं?

गैरसमज बहुधा व्होल्टेज वाढवणाऱ्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांमुळं पसरला असावा. ते स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाच जोडायचे.

हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात जुळवायचा असतो तो बायस. स्टॅक्सचा जुना नॉर्मल २३० व्होल्टचा, प्रो ५८० चा. प्लग हातात घेऊन पिना मोजा: सहा म्हणजे नॉर्मल, पाच म्हणजे प्रो. पाच पिनांचा प्लग सहाच्या सॉकेटात बसतो, पण आवाज दबतो. उलटं बसतच नाही.

आणि अ‍ॅम्प्लिफायर तापतो तो क्लास-ए, म्हणजे कायम करंट ओढत राहणाऱ्या पद्धतीचा असल्यामुळं, गाणं बंद असलं तरी. मे महिन्यात त्याच्याशेजारी बसायचं तर कूलर लावावा लागतो, आणि बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक मागून उघडे, त्यामुळं कूलरची घरघरही गाण्यासोबत फुकट.