गोदीत कुलूप कोणी लावायचं, कागद कोणते लागतात

आपल्याकडे ‘लॉकआउट’ म्हटलं की गिरणीच्या दारावरची टाळेबंदी आठवते. अमेरिकेतल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत मात्र लॉकआउट म्हणजे व्हॉल्व्हला किंवा स्विचला घातलेलं कुलूप. आत फिटर काम करत असताना बाहेरून कोणी वाफ, वीज किंवा तेलाचा दाब सोडू नये, म्हणून ते घालतात. तिथल्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याने २०११ साली गोद्यांसाठी याचा स्वतंत्र नियम काढला.

कुलूप लावायला सरकारकडे अर्ज वगैरे काही करायचा नसतो. परवानगी मिळते ती जागेवरच, को-ऑर्डिनेटरकडून. एका जहाजावर एकाच वेळी अनेक यंत्रं उघडलेली असली, की हा माणूस नेमावाच लागतो. कुलूप लावण्याआधी त्याला विचारायचं आणि काढण्याआधीही. त्याच्या वहीत यंत्र कोणतं, कुठे आहे, कुलूप कोणी कधी लावलं आणि कोणी कधी काढलं, हे सगळं चढतं.

कुलूप लावायचा अधिकार फक्त प्रशिक्षण घेऊन नेमलेल्या कामगाराला. त्याचं नाव, प्रशिक्षणाची तारीख आणि विषय मालकाच्या दप्तरी हवा. शिवाय लेखी कार्यपद्धती हवी, आणि तिची तपासणी वर्षातून निदान एकदा.

कुलूप बसतच नसेल तर? ‘चालू करू नका’ अशी नुसती चिठ्ठी चालत नाही. चिठ्ठीबरोबर आणखी एक उपाय लागतो: व्हॉल्व्हचं हँडल काढून ठेवा, नाहीतर फ्यूज काढा. चिठ्ठी बांधायचा टायही निदान ५० पौंड, म्हणजे साधारण साडेबावीस किलोचा ताण सोसणारा हवा. सुतळीने बांधलेली चिठ्ठी म्हणजे नुसती शोभा.

मुख्य इंजिनाचं काम असेल तर आधी जॅकिंग गिअर, म्हणजे इंजिन सावकाश फिरवायची दातेरी यंत्रणा, त्यात गुंतवतात, म्हणजे इंजिन आपोआप फिरत नाही. हे गिअर वाफेवर चालणारं असेल तर त्याचे व्हॉल्व्हही बंद करून कुलपात. साठलेला दाब सोडून दिला, तरी यंत्र सुरू होत नाही ना, हे एकदा चालू करून बघायचंच. ‘बंद आहे’ असं कोणी सांगितलं, एवढ्यावर आत शिरायचं नाही.

कुलूप लावणारा घरी निघून गेला तर? मालकाने आधी तो आवारात नाही याची खात्री करायची, त्याला गाठायचा प्रयत्न करायचा, मगच कुलूप काढायचं. आणि तो पुन्हा कामाला लागण्याआधी, त्याचं कुलूप काढलंय हे त्याला कळलंच पाहिजे.