उत्तर सीमारेषा (पीत समुद्र, कोरिया)

उत्तर सीमारेषा : पीत समुद्रात उत्तर व दक्षिण कोरियाच्या ताब्यातील पाणी प्रत्यक्षात वेगळे करणारी सागरी रेषा. दक्षिण कोरिया तिला सरहद्दीसमान मानतो. उत्तर कोरियाला ती मान्य नाही. कोरियन युद्ध (१९५०–५३) थांबविणाऱ्या युद्धविराम करारात तिचा उल्लेख नाही आणि तिच्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या अनुल्लेखातच आहे. जमिनीवरील लष्करी सीमांकन रेषा दोन्ही बाजूंनी सही करून आखली. तिच्या दुतर्फा दोन-दोन किलोमीटरांचा निर्लष्करी पट्टा आहे. समुद्रात असे काहीच ठरले नाही. १९९९ नंतर दोन्ही देशांच्या सैन्यांत झालेल्या प्राणघातक चकमकींपैकी मोठ्या चकमकी याच पाण्यात झाल्या, हे योगायोगाने घडलेले नाही.

रेषा हान नदीच्या मुखाबाहेर सुरू होते आणि उत्तर कोरियाच्या ह्वांगहे प्रांताच्या किनाऱ्याला धरून वायव्येकडे जाते. तिच्या दक्षिणेस बेंगन्याँग, देचाँग, सोचाँग, यॉनप्याँग आणि ऊ ही पाच बेटे वा बेटसमूह आहेत. ती दक्षिण कोरियाकडे असली, तरी उत्तर कोरियाच्या किनाऱ्याला अधिक जवळची आहेत. बेंगन्याँग उत्तरेच्या जांगसान भूशिरापासून सुमारे १५ किमी.वर आहे, दक्षिणेच्या इंचॉन बंदरातून तेथे पोहोचायला प्रवासी बोटीला जवळपास चार तास लागतात. यॉनप्याँगपासून उत्तरेचा किनारा सुमारे १२ किमी. अंतरावर असून निरभ्र दिवशी तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बेंगन्याँगवरील सागोत पुळणीची वाळू इतकी घट्ट आहे, की युद्धकाळात तिचा धावपट्टी म्हणून वापर झाला.

ही विचित्र रचना युद्धातून आली. १९४५ साली ३८ व्या अक्षवृत्तावर देशाची फाळणी झाली, तेव्हा ही बेटे आणि त्यांच्यासमोरचे ओंगजिन द्वीपकल्प ही दोन्ही दक्षिणेच्या वाट्याला आली होती. युद्धात ओंगजिन उत्तरेकडे गेले. समुद्रावर मात्र दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या, अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्र सेनेच्या आरमाराचे निर्विवाद वर्चस्व होते, म्हणून बेटे दक्षिणेकडे राहिली.

२७ जुलै १९५३ रोजी पानमुनजॉम येथे झालेल्या करारावर संयुक्त राष्ट्र सेनेतर्फे विल्यम हॅरिसन आणि उत्तर कोरिया व चिनी स्वयंसेवक सेना यांच्यातर्फे नाम इल यांनी सह्या केल्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही युद्धविरामाच्याच विरोधात असल्याने त्या देशाची करारावर सही नाही. कलम १३ (ब) नुसार ह्वांगहे व क्याँगी या प्रांतांच्या सीमेच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील सर्व बेटे उत्तरेकडे गेली. वरील पाच तेवढी वगळून संयुक्त राष्ट्र सेनेच्या ताब्यात ठेवली गेली. करारासोबतच्या नकाशावर या प्रांतसीमेची रेघ आहे. तथापि ती केवळ बेटांचा ताबा दाखविण्यासाठी असून तिला दुसरा कोणताही अर्थ नाही व लावूही नये, अशी टीप तिथेच दिली आहे. कलम १५ दोन्ही आरमारांना परस्परांच्या भूप्रदेशालगतच्या पाण्याचा मान राखण्यास सांगते, पण ‘लगतचे’ म्हणजे किती, हे सांगत नाही. वाटाघाटींत संयुक्त राष्ट्र सेना तीन सागरी मैलांवर अडून होती, तर समोरची बाजू बारा मैल मागत होती. हा मुद्दा सुटत नाही असे दिसल्यावर तो सोडून देण्यात आला.

(मराठी वाचकाला हा करार परिचित असलाच तर तो युद्धकैद्यांच्या कलमांमुळे असतो. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक कैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते आणि कैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे. त्या आयोगाचा सागरी रेषेशी संबंध नव्हता.)

ही रेषा नेमकी केव्हा व कोणी आखली, हा अभ्यासकांमधला मुख्य वाद. रूढ मत असे, की संयुक्त राष्ट्र सेनेचे सरसेनापती जनरल मार्क क्लार्क यांनी ३० ऑगस्ट १९५३ रोजी ती एकतर्फी जाहीर केली. दक्षिण कोरियाची सरकारी प्रकाशने हीच तारीख देतात आणि बहुतेक संदर्भग्रंथांत ती तशीच उतरली आहे. या मताला एक बाह्य आधारही दाखविला जातो. युद्धकाळात, सप्टेंबर १९५२ मध्ये, क्लार्क यांनी द्वीपकल्पाभोवती सागरी संरक्षण क्षेत्र जाहीर केले होते. ‘क्लार्क रेषा’ म्हणून ओळखले जाणारे हे क्षेत्र ऑगस्ट १९५३ च्या अखेरीस रद्द झाले. जुनी रेषा गेल्यावर गस्तीसाठी नवी मर्यादा हवी होती, ती लगोलग आखली गेली असावी, असा हा तर्क आहे.

अडचण अशी, की ३० ऑगस्टचा मूळ आदेश अभ्यासकांसमोर आलेला नाही. अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेने (सीआयए) जानेवारी १९७४ मध्ये या बेटांविषयी तयार केलेले टिपण पुढे खुले झाले. त्यानुसार उत्तर सीमारेषा या नावाची रेषा कोरियातील अमेरिकी नौदलप्रमुखाच्या १४ जानेवारी १९६५ च्या आदेशात प्रथम आढळते. तिची पूर्वज म्हणता येईल अशी रेषा १९६१ मध्ये वेगळ्या नावाने आखली होती आणि १९६० पूर्वीचा एकही कागद संस्थेला सापडला नव्हता. टिपणाचा दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. ही रेषा आपल्याच जहाजांना विशेष परवानगीखेरीज उत्तरेकडे जाऊ न देण्यासाठी होती. त्या काळी उत्तर कोरियाचे आरमार नगण्य होते. दक्षिणेची एखादी नौका वर जाऊन युद्ध पुन्हा पेटवील ही भीती होती, आणि ऱ्ही यांची तेव्हाची भाषा पाहता ती निराधार म्हणता येत नाही.

गस्तीवरची काही तोंडी मर्यादा १९५३ पासून पाळली गेली असणे शक्य आहे. मात्र लेखी व निश्चित रेषा म्हणून तिचा काळ १९६० च्या आसपास धरणे उपलब्ध कागदपत्रांशी अधिक जुळते. संयुक्त राष्ट्र सेनेने ती उत्तर कोरियाला औपचारिकपणे कळविली होती काय, याचाही पुरावा मिळत नाही. दक्षिणेचे याला उत्तर असे, की १९५९ साली प्याँगयाँग येथे प्रसिद्ध झालेल्या सरकारी वार्षिकातील नकाशात ही रेषा दाखविली आहे. अर्थात उत्तरेला ती ठाऊक होती. एका नकाशावर किती भार टाकायचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

उत्तर कोरियाने उघड हरकत घेतली ती १९७३ च्या अखेरीस. त्या हिवाळ्यात त्याच्या नौकांनी रेषा वारंवार ओलांडली आणि डिसेंबरमध्ये युद्धविरामाच्या पालनावर देखरेख करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या संयुक्त आयोगाच्या बैठकीत बेटांभोवतीचे पाणी आपले असल्याचा दावा केला. बेटांकडे येणाऱ्या जहाजांनी आपली परवानगी घ्यावी, असेही सुनावले. या काळातील अमेरिकी पत्रव्यवहार दक्षिणेला सोयीचा नाही. परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या १९७५ च्या गोपनीय तारेत, ही रेषा एकतर्फी असून आंतरराष्ट्रीय पाण्याची एकतर्फी विभागणी म्हणून तिच्याकडे पाहिल्यास ती आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरते, अशी कबुली आहे.

दक्षिणेचा कायदेशीर युक्तिवाद प्रामुख्याने वहिवाटीवर उभा आहे : वीस वर्षे हरकत नव्हती, १९८४ मध्ये उत्तरेने पूरग्रस्तांसाठी मदत पाठविली, तेव्हा सोबतची जहाजे याच रेषेवर एकमेकांना भेटली, आणि १९९१ च्या आंतरकोरियन मूलभूत करारात, दोन्ही बाजूंच्या प्रशासनाखाली आजवर राहिलेली क्षेत्रे अनाक्रमणाची क्षेत्रे मानली आहेत. मात्र १९९२ च्या पूरक मसुद्यात सागरी रेषेवर यापुढेही चर्चा होत राहील, असेही लिहिले आहे, आणि प्रत्येक पक्ष आपल्याला हवे ते वाक्य उद्‌धृत करतो. हवाई विद्यापीठातील सागरी कायद्याचे अभ्यासक जॉन व्हॅन डाइक यांच्यासारख्यांनी रेषेच्या वैधतेविषयी शंका घेतली आहे. तिच्यामुळे उत्तरेच्या हेजू बंदरातील जहाजांना खुल्या समुद्राकडे जाताना वळसा पडतो, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे.

वादाची धग खेकड्यांमुळे वाढते. यॉनप्याँगभोवतीचे पाणी खेकड्यांसाठी नावाजलेले असून त्यांचा हंगाम वसंत आणि शरद ऋतूंत असतो. उत्तर कोरियात मासेमारीचे बरेचसे काम लष्कराच्या हाताखाली चालते आणि माल परकीय चलन मिळवून देतो, त्यामुळे होड्यांमागे गस्तनौका येतात. दोन्ही आरमारे जपून राहतात त्या मधल्या पाण्याचा खरा लाभ चिनी ट्रॉलर उठवतात. जून २०१६ मध्ये यॉनप्याँगच्या मच्छीमारांनी दोन चिनी बोटी स्वतःच पकडून बंदरात ओढून आणल्या होत्या.

१५ जून १९९९ ची पहिली मोठी चकमक याच हंगामातली. रेषेखाली आलेल्या नौकांना दक्षिणेच्या नौकांनी धडका देऊन मागे रेटले, त्यातून गोळीबार झाला व उत्तरेची एक टॉर्पेडो नौका बुडाली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये उत्तर कोरियाने बरीच दक्षिणेकडून जाणारी स्वतःची ‘सागरी लष्करी सीमांकन रेषा’ जाहीर केली आणि मार्च २००० मध्ये बेटांकडे जाण्यासाठी दोन अरुंद जलमार्ग तेवढे मोकळे ठेवल्याचे कळविले. दक्षिणेने हे सर्व अमान्य केले. २९ जून २००२ रोजी, विश्वचषक फुटबॉलमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा सामना देगू येथे व्हायचा होता त्या दिवशी, उत्तरेच्या नौकेने ‘चामसुरी ३५७’ या दक्षिणेच्या गस्तनौकेवर जवळून गोळीबार केला. त्यात सहा नौसैनिक मारले गेले आणि नौका बुडाली. उत्तरेची हानी दक्षिणेच्या अंदाजांवरूनच सांगावी लागते. बंदिस्त राजवट आपले मृत जाहीर करीत नाही.

या चकमकीने गोळीबाराचे नियम बदलले. तोवर दक्षिणेच्या नौकेला पाच पायऱ्या पाळाव्या लागत : ध्वनिक्षेपकावरून इशारा, बळाचे प्रदर्शन, आडवे जाऊन वाट अडविणे, इशाऱ्याचा गोळीबार, आणि मग नेम धरून गोळीबार. आडवे जाताना नौकेची कूस शत्रूच्या तोफेपुढे उघडी पडते, नेमके तेच २००२ मध्ये घडले. नव्या नियमांत इशारा, इशाऱ्याचा गोळीबार व नेमका गोळीबार, अशा तीनच पायऱ्या राहिल्या. नोव्हेंबर २००९ मधील देचाँगजवळची चकमक या नियमांखालची असून तीत उत्तरेची नौका जबर जखमी होऊन परतली.

२६ मार्च २०१० रोजी बेंगन्याँगजवळ ‘चॉनान’ ही दक्षिणेची १,२०० टनांची युद्धनौका दुभंगून बुडाली. १०४ पैकी ४६ नौसैनिक मरण पावले. दक्षिण कोरिया, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडन येथील तज्ज्ञांच्या पथकाने उत्तर कोरियाच्या पाणबुडीतून सुटलेला टॉर्पेडो हे कारण ठरविले. समुद्रतळातून काढलेल्या त्याच्या मागच्या भागावर निळ्या शाईत कोरियन लिपीत ‘क्र. १’ अशी अक्षरे होती, आणि पुढचा बराच वाद त्या शाईभोवती फिरला. उत्तर कोरियाने आरोप फेटाळला. सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षीय निवेदनाने हल्ल्याचा निषेध केला, पण त्यात हल्लेखोराचे नाव थेट घेतलेले नाही. पथकाचा निष्कर्ष सामान्यतः ग्राह्य धरला जातो.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला उत्तर कोरियाकडून यॉनप्याँगवर सुमारे १७० तोफगोळे डागले गेले. दोन मरीन सैनिक आणि दोन नागरिक ठार झाले. युद्धविरामानंतर दक्षिणेच्या वस्तीवर झालेला असा मारा अपवादात्मक होता. बेटावरच्या सैन्याने त्या दिवशी सरावाचे गोळे समुद्रात टाकले होते. दक्षिणेच्या मते ते तिच्या पाण्यात पडले, उत्तरेच्या मते तिच्या. दोन्ही विधाने आपापल्या रेषेपुरती सुसंगत होती.

तडजोडीचे प्रयत्न थोडे व अल्पजीवी ठरले. जून २००४ मध्ये नौकांनी समान रेडिओ लहरीवर संपर्क ठेवण्याचे ठरले. ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष रोह मू-ह्यून आणि उत्तरेचे नेते किम जाँग-इल यांनी शांतता क्षेत्राची व सामाईक मासेमारीची घोषणा केली. रोह यांनी रेषा सोडून दिली काय, यावर दक्षिणेत पुढे निवडणुकीचे राजकारण झाले; मासेमारी क्षेत्र मात्र कागदावरच राहिले. १९ सप्टेंबर २०१८ च्या लष्करी करारान्वये या पाण्यात गोळीबाराचा सराव थांबला, तोफांच्या नळ्यांवर टोप्या चढल्या आणि किनाऱ्यावरच्या तोफांची कवाडे बंद झाली. पुढच्याच वर्षी उत्तरेचे नेते किम जाँग-उन यांनी चांगरिन या आपल्या बेटावर जाऊन तोफ चालविण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरेने हेर उपग्रह सोडला, दक्षिणेने कराराचा काही भाग स्थगित केला आणि उत्तरेने तो पूर्णच झुगारला. ५ जानेवारी २०२४ रोजी बेटांच्या उत्तरेला उत्तर कोरियाने डागलेले दोनशेच्या आसपास गोळे पडले, तेव्हा बेंगन्याँग व यॉनप्याँगच्या रहिवाशांना आश्रयस्थानांत हलविले गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये क्षेपणास्त्र चाचणीच्या वेळी किम यांनी उत्तर सीमारेषेला निराधार, ‘भुताटकीची रेषा’ ठरवून आपल्या ‘सागरी सरहद्दी’चे रक्षण बळाने करू असे सांगितले. तिचे अक्षांश-रेखांश त्यांनी दिले नाहीत. ती १९९९ ची रेषा असावी असा काहींचा तर्क असला, तरी सरहद्द हा शब्द मागे वापरलेल्या ‘लष्करी सीमांकन’ या शब्दांहून वेगळा असल्याने घाई न केलेली बरी.

पूर्वेकडील समुद्रातही याच नावाची रेषा आहे. किनाऱ्यावरील सीमांकन रेषेच्या टोकापासून ती सरळ पूर्वेला जाते. तिथे बेटांचा गुंता नसल्याने तिच्याविषयी वाद क्वचितच उद्‌भवतो. २ नोव्हेंबर २०२२ रोजी मात्र उत्तर कोरियाचे एक क्षेपणास्त्र तिच्या दक्षिणेस पडले आणि उल्लंग बेटावर हवाई हल्ल्याचे भोंगे वाजले.